आमचं घर नेमकं कितीला विकलं गेलं? (दलाल, 'वरचे' आणि शहराचा भाव)

गारखेड्याचा_जुना (धागाकर्ता)

बाबा गेल्यावर छत्रपती संभाजीनगरमधलं, म्हणजे गारखेडा परिसरातलं आमचं रो-हाऊस विकायचं ठरलं. मी पुण्यात, बहीण नांदेडला, आणि आईला एकटीला तिथे ठेवायचं नव्हतं. बोर्ड लावायच्या आधीच एक इस्टेट एजंट दारात हजर. "काकांचं कळलं, फार वाईट झालं," म्हणाला आणि चहा संपेपर्यंत किमतीवर आला.

आम्ही ४८ लाख सांगितले. त्याने मान हलवली. पाणी आठवड्याने येतं, गल्लीत चारचाकी वळत नाही, पूर्वेला दार नाही, असं एकेक मोजून दाखवलं. पुढचे तीन आठवडे त्याने 'पार्ट्या' आणल्या. कोणी ३८ म्हणालं, कोणी ३९. एक जण तर घरात शिरला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात फिरवला, "सगळं पाडावंच लागेल" म्हणाला आणि निघून गेला. आईला ते फार लागलं. ओटा बाबांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. चौथ्या आठवड्यात एजंटाचा फोन आला, "दादा, तुमच्या हातात ४३ येतील अशी पार्टी आहे. आज हो म्हणा." आम्ही हो म्हणालो. घेणाऱ्याशी बोलू का विचारलं तर म्हणे, "दोन्ही पार्ट्या समोरासमोर आल्या की सौदा फिसकटतो. माझ्यावर सोडा." इसारपावतीवरही माझी सही त्याने पुण्यात माणूस पाठवून घेतली.

रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळीच त्याने बजावलं, "आत पैशांचं काही बोलू नका, कॅमेरे असतात." मला ते काळजीपोटी वाटलं.

घर घेणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या आईच्या नावावर घेतलं होतं, महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत म्हणून. त्या मावशींचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजलेल्या. पदराने पुसून, फुंकर मारून त्या पुन्हा पुन्हा ठेवत होत्या. माझी आई शेजारी बसून धीर देत होती. तेवढ्यात मावशी आईला म्हणाल्या, "साडेसेहेचाळीस लाख म्हंजी आमची सगळी जिंदगी आली बघा ह्यात. भिंतीला वल तर येत नाही ना बाई?"

आईने माझ्याकडे बघितलं. एजंट लगेच उठला, "मावशी, चला, चहा घेऊन येऊ."

म्हणजे साडेतीन लाख मधल्यामध्ये गेले. वर दोन्हीकडून एक-एक टक्का कमिशन वेगळं. त्या मावशींनी जास्त दिले, आम्हाला कमी मिळाले, आणि ज्याने वीटही लावली नाही त्याने चार आठवड्यांत चार लाखांच्या वर नेले. हे बेकायदेशीर आहे का? तक्रार कुठे करायची? आणि हे सगळ्यांसोबत होतं का?

---

नाथसागर

सगळ्यांसोबत होतं. फक्त सगळ्यांना मावशी भेटत नाहीत.

मी शेंद्र्याला कामाला आहे. दीड वर्ष टू-बीएचके शोधतोय. बीड बायपासवरचा एकच फ्लॅट मला चार एजंटांनी चार किमतींना दाखवला. चौथ्याने कुलूप उघडलं तेव्हा मी त्याला सांगितलं, बाथरूमची कडी तुटलेली आहे, सांभाळून. तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यात पाच लाखांचा फरक. मूळ मालकाने काय सांगितलं असेल ते देवाला माहीत.

दुसरं म्हणजे बातम्यांवर चालणारा बाजार. समृद्धी महामार्ग झाला, भाव वाढला. २०२४ ला बिडकीनला टोयोटाच्या कारखान्याची बातमी आली, तर आठवडाभरात पैठण रोडच्या एजंटांचे व्हॉट्सअॅप स्टेटस बदलले. कारखाना उभा राहून, माणसं लागून, त्यांना घरं लागेपर्यंत वर्षं जातात. पण प्लॉटने ते पगार आजच खाल्लेत. आम्ही जे खरंच नोकरी करतो ते अजून भाड्याच्या घरात.

---

दोन_टक्के

नावावरून कळलं असेल, मी याच धंद्यात आहे. चौदा वर्षं. शिव्या खायला तयार आहे, पण दोन गोष्टी ऐका.

एक. मालक लेखी काही देत नाही. एकच घर दहा जणांना सांगून ठेवतो. मी माझ्या पेट्रोलने बारा गिऱ्हाइकं फिरवतो, तेरावं गिऱ्हाईक घर बघून घेतं आणि संध्याकाळी पाठीमागून जाऊन मालकाला भेटतं. याला आम्ही 'पार्टी कट मारणे' म्हणतो. महिन्याला दोन-तीनदा होतं. समोरासमोर येऊ देत नाही ते यामुळे. टक्केवारी म्हटलं की सुशिक्षित लोकसुद्धा "अर्धा टक्का घे ना" करतात. वकिलाची फी कोणी अर्धी करतं का?

दोन. 'वरचे' मालकच देतो. "मला हातात इतके पाहिजेत, वर काय मिळवायचं ते तू बघ." हे वाक्य मी रोज ऐकतो. धागाकर्त्यांनी म्हटलं नसेल, पण त्यांच्या एजंटाचं वाक्य परत वाचा: "तुमच्या हातात ४३ येतील." हातात.

आणि राग येणार नसेल तर एक विचारू? खरेदीखतावर किती लिहिलंय?

---

खाम_नदी

वाचतेय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला थांबले आहे :)

---

गारखेड्याचा_जुना

@दोन_टक्के, प्रश्न बरोबर जागी लागला.

खरेदीखतावर ३६. बाकीचे रोख. एजंट म्हणाला, "घेणाऱ्याचं मुद्रांक वाचतं, तुमचा टॅक्स वाचतो, सगळे असंच करतात." मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी फार काही वाईटही वाटलं नव्हतं. आता लक्षात येतंय की साडेतीन लाख त्या रोख रकमेतूनच गेले. सगळं चेकने असतं तर त्याला ते कुठून काढता आले असते? हे धाग्यात आधीच लिहायला हवं होतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही.

---

अॅड_मिटमिटा

लिहिलंत हे बरं केलंत, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आधी रेरा. म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियमन ठेवणारा २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात मे २०१७ पासून लागू. कलम ९ प्रमाणे एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, पण कशासाठी? रेरात नोंदणी झालेल्या प्रकल्पातले फ्लॅट आणि प्लॉट विकण्यासाठी. तुमचं जुनं रो-हाऊस त्यात येत नाही. भाड्याची घरंही येत नाहीत. आपल्या शहरात एजंटाचा रोजचा धंदा बघा: जुनी घरं, भाड्याच्या खोल्या, शेतातली प्लॉटिंग. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कायद्याच्या बाहेर आहेत. तिसरी आत यायला पाहिजे, कारण ५०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणी लागते. ती न करताच धडाक्यात विक्री चालते. नोंदणीशिवाय प्रकल्पाचं काम करणाऱ्या एजंटाला रोज दहा हजार रुपये, जास्तीत जास्त किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. कागदावर कडक आहे. २०२३ पासून महारेराने (रेरासाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाने) एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण कटकट गेटजवळ पानटपरीवर बसून खोल्या दाखवणाऱ्याला परीक्षेची गरजच नाही, तो प्रकल्प विकतच नाही.

मग काही उपाय नाही का? आहे, आणि तो दीडशे वर्षं जुना आहे. १८७२ च्या करार कायद्यात एजंट म्हणजे मालकाचा विश्वासाचा माणूस. कलम २१६: मालकाला न सांगता एजंटाने त्या व्यवहारात स्वतःसाठी काही लाभ काढला तर तो लाभ मालकाला मागता येतो. कलम २१८: मालकाच्या वतीने आलेला पैसा त्याने मालकाला द्यायचा. म्हणजे साडेतीन लाख तत्त्वतः तुमचे.

आता अडचण. तुम्ही कोर्टात सांगणार काय? की ३६ चं खरेदीखत खोटं, खरे साडेसेहेचाळीस होते? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय मुद्रांक कमी भरल्याचं वेगळंच. एजंटाला हे तुमच्याआधी माहीत होतं. रोख ही नुसती टॅक्सची सोय नव्हती, तुमच्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं.

आणि @दोन_टक्के बरोबर बोलले. "हातात ४३" याला होकार दिला होता असं तो म्हणेल. पुढच्या वेळी लेखी द्या: किंमत किती, कमिशन किती, किती दिवसांसाठी. आणि पैसे घेणाऱ्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात.

---

टँकरची_वाट

आमचं वेगळं आहे. आम्हाला घर विकायचं नव्हतं, घ्यायचं होतं, आणि पैसा नव्हता.

नवरा वाळूजला कंपनीत, मी शिवणकाम. बँक कर्ज देत नव्हती. एजंटाने पडेगावच्या पुढे २० बाय ३० चा प्लॉट दाखवला. शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, कोपऱ्यात बाभळीच्या खुंटावर लाल रिबीन. "हा तुमचा, हा मधला रस्ता, हे गार्डन." गार्डन म्हणजे चार फूट काँग्रेस गवत. महिन्याला हप्ता, शंभर रुपयांच्या बॉंडवर लिखापढी, नोटरी. आम्हाला वाटलं नोटरीचा शिक्का म्हणजे सरकारी शिक्का. सहा वर्षं हप्ते भरले. मग घर बांधायला गेलो तर शेजारच्या बाईकडे आमच्याच प्लॉटचा बॉंड. तारीख आमच्या आधीची.

शेतमालक म्हणतो, मी एजंटाला जमीन दिलीच नव्हती, नुसता इसार घेतला होता, तो पूर्णही केला नाही. एजंटाचा फोन बंद. पोलिसांनी अर्ज घेतला, म्हणाले दिवाणी मामला आहे. त्या बाईची आणि माझी आधी भांडणं झाली. आता आम्ही दोघी एकत्र हेलपाटे मारतो.

---

अॅड_मिटमिटा

@टँकरची_वाट, कोर्टकचेरीचं तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करते. इथे बाकीच्यांसाठी: नोटरीने फक्त सही ओळखली, जमीन दिली नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. मुखत्यारपत्र आणि साठेखतावर 'विक्री' झाली असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय.

मराठवाड्यात आणखी एक गाठ आहे. इथल्या बऱ्याच जमिनी निजामकाळात इनाम किंवा मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) होत्या. नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर जाऊ नका. 'भोगवटादार वर्ग-२' (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की थांबा. मागचे फेरफार काढा, १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. एजंट म्हणेल एवढं कोणी बघत नाही. त्याच्या पोटाला तेच पाहिजे.

---

नाथसागर

शेतातल्या या प्लॉटिंगवरून गुंठेवारी आठवली, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकणं. या एजंटांना सरकारचा कुठलाही निर्णय चालतो. २००१ ला गुंठेवारी कायदा आला तेव्हा "नियमित होणार, घेऊन टाका." २०२१ च्या सुधारणेत मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली तेव्हा "बघा, परत वाढवली, पुढेही वाढेल." त्याच वर्षी तुकडेबंदीच्या (जमिनीचे छोटे तुकडे पाडायला मनाई) परिपत्रकाने छोट्या प्लॉटची रजिस्ट्री अडली, तर "बंद होतंय, बॉंडवर घ्या." २०२२ ला उच्च न्यायालयाच्या आपल्या इथल्या खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं, तर "उघडलं, आता भाव भिडणार." बंद झालं तरी घ्या, उघडलं तरी घ्या.

माझ्या मामाने जे बघितलंय ते सांगतो. चिकलठाण्याकडे एका एजंटाने दोन लाख इसार देऊन प्लॉट अडवला, मुदत सहा महिने. पावतीत ओळ होती, "मी किंवा मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत." दोन महिन्यांत त्याने तो दुसऱ्या एजंटाला चढ्या भावाने दिला, त्याने तिसऱ्याला. मूळ मालक हॉटेलात बसून भजी खात होता, आणि शेजारच्या टेबलवर त्याचाच प्लॉट विकला जात होता. शेवटी जो मास्तर घर बांधायला आला त्याने चारही जणांचं पोट भरलं. प्लॉटवर एक वीट चढलेली नव्हती.

---

मांजराकाठ

लातूरचं सांगतो. आमच्याकडं घर विकायचा विषयच नाही, खोल्यांचा आहे. अकरावी-बारावी, नीटसाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येऊ लागलीत. जूनमध्ये येऊन बघा, बाप लोक पिशवी घेऊन क्लासच्या गल्ल्यांतून फिरायलेत आणि मागं-पुढं एजंट. एका खोलीत तीन कॉट. एजंट एक महिन्याचं भाडं पोराच्या बापाकडून घेतो, अन् घरमालकाकडून पण. आता पोरगं दोन वर्षं तिथंच राहिलं तर एजंटाला पुढं काय मिळणार? म्हणून दिवाळीला तोच घरमालकाला म्हणतो, "ह्याच्यापेक्षा दोन हजार जास्त देणारं पोरगं आणतो." मधेच खोली खाली करायला लावली. माझ्या पुतण्याला सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गादी डोक्यावर घेऊन दुसरीकडं जावं लागलं. लेखी काही नव्हतं. आता कळतंय की भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे. पण तेव्हा एजंट म्हणला, "पोरांचा कशाला करार?"

---

बेगमपुऱ्याची

मांजराकाठ यांना निदान खोली दाखवली तरी. मी नाव सांगितलं की फोनवर दोन सेकंद शांतता असते. मग, "मॅडम, ती आत्ताच गेली." एकदा मी तासाभराने हिंदू मैत्रिणीला फोन करायला लावला. तीच खोली, मोकळी. "मालक नको म्हणतात" असं एजंट सांगतो. मी एका मालकिणीला थेट जाऊन भेटले तर तिला माझ्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. आता तिथेच राहते, तीन वर्षं झाली. रमजानमध्ये शीरखुर्मा आधी तिच्याकडे जातो.

मालक नाही म्हणत नाहीत असं मी म्हणत नाही. पुष्कळ म्हणतात. पण ज्याने विचारलंच नाही त्याच्या वतीने नाही कोण म्हणतं?

---

बिनधास्त_हर्सूल

सगळं खरं. पण दलाल नको तर घर दाखवणार कोण? पोर्टलवर बघा, 'मालकाकडून थेट' लिहिलेल्या निम्म्या जाहिरातींना एजंटच फोन उचलतो. सगळे चोर नाहीत. माझ्या एजंटाने मला एक सौदा मोडायला लावला, जमिनीवर बोजा होता म्हणून. त्याचं कमिशन गेलं. असेही असतात.

---

दोन_टक्के

धन्यवाद @बिनधास्त_हर्सूल. मी ती परीक्षा दिली, पास झालो, प्रमाणपत्र दुकानात फ्रेम करून लावलंय. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत नाही. विचारतं, "पलीकडचा अर्धा टक्का घेतो, तुम्ही?" पलीकडचा अर्धा घेतो कारण साडेतीन लाख वरून काढतो. मला सरळ धंदा करून त्याच्याशी टिकायचंय. जुनी घरं आणि भाडं कायद्यात आणलं तर पहिला खुश मी होईन.

मीही वरचे घेतले आहेत. सुरुवातीच्या वर्षांत. खोटं बोलत नाही.

---

खाम_नदी

मला यात लुटीपेक्षा एक गोष्ट जास्त खटकतेय. सरकारी दफ्तरात ३६. धागाकर्त्यांच्या हिशोबात ४३. मावशींच्या साडेसेहेचाळीस. एकाच घराच्या तीन किमती, आणि तिन्ही माहीत असलेला माणूस फक्त एक. उद्या कोणी आय.जी.आर.च्या (नोंदणी विभागाच्या) संकेतस्थळावर गल्लीतला व्यवहार शोधला तर त्याला ३६ दिसणार आणि तो म्हणणार, हे काही खरं नाही. मग तो विचारायला जाणार कोणाकडे? एजंटाकडेच.

---

गारखेड्याचा_जुना

काल गावी होतो, उरलेलं सामान न्यायला. म्हणून हे लिहितोय.

समोरच्या जोशीकाकू (नाव बदललंय) भेटल्या. त्यांनाही घर विकायचंय, मुलगा बंगळुरूला आहे. मी म्हटलं, काकू, घाई करू नका, एजंटाला लेखी द्या, घेणाऱ्याला स्वतः भेटा. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"तुमचं बावन्नला गेलं म्हणे. आम्हाला तो सांगत होता. मग आमचं तर कोपऱ्याचं आहे, मी पंचावन्नच्या खाली का देऊ?"

मी म्हटलं, बावन्न नाही हो काकू.

"मग कितीला गेलं?"

मी तिथे दारात उभा राहिलो आणि मला त्यांना कुठला आकडा सांगावा तेच कळेना.